दोन रात्रींचे श्रमदान आणि वर्षभराचा घसारा

शनिवारी सकाळी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा कंपनीच्या सभागृहात शे-दीडशे तरुण जमतात. स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी दहा-दहा मिनिटांत आपापल्या अडचणी मांडतात. मग गट पडतात, रात्रभर जागून संगणकावर आज्ञावल्या लिहिल्या जातात आणि रविवारी संध्याकाळी परीक्षकांपुढे त्यांची प्रात्यक्षिके होतात. टाळ्या पडतात, पारितोषिके वाटली जातात, छायाचित्रे निघतात. या सोहळ्याला 'हॅकेथॉन' म्हणतात आणि शहरी सुशिक्षितांत समाजसेवेची ही रीत आता चांगलीच रुळली आहे. शनिवारी काय होते व रविवारी काय होते, याची वर्णने सर्वत्र वाचायला मिळतात. सोमवारी काय होते, हे विचारण्याची मात्र पद्धत नाही. वास्तविक सारा प्रश्न सोमवारचाच आहे.

या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. जून 1999 मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र आले. 'हॅकेथॉन' हे नाव त्या बैठकीपासून रूढ झाले. त्या दहा जणांनी जे काम केले ते त्यांच्या स्वतःच्या प्रणालीवर केले. चूक राहिली तर ती सोमवारी त्यांनाच निस्तरायची होती. पुढे दहा वर्षांनी, 2009 मध्ये, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, नासा आणि जागतिक बँक यांनी मिळून 'रँडम हॅक्स ऑफ काइंडनेस' हा उपक्रम उभा केला आणि या पद्धतीला परोपकाराची जोड मिळाली. या दहा वर्षांत एक मूलभूत बदल घडला होता. काम करणारा आणि त्या कामाचे परिणाम भोगणारा, हे दोघे वेगळे झाले होते. परोपकाराच्या प्रकाशात हा बदल कोणाच्या फारसा लक्षात आला नाही.

यात भाग घेणाऱ्या तरुणांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आठवडाभर नोकरीत राबून शनिवार-रविवार परक्यांच्या कामासाठी देणारा मुलगा किंवा मुलगी हे समाजाचे धन आहे. टीका त्यांच्यावर नाही. त्यांची सदिच्छा ज्या रचनेत जुंपली जाते त्या रचनेवर आहे. महाराष्ट्राला श्रमदान नवे नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी आणि बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने अनेक तरुणांच्या हाती कुदळ-फावडे दिले. परंतु श्रमदानाचा बांध खरा टिकतो तो कोठे? जेथे बांध कोठे घालायचा हे गाव ठरवते, गाव स्वतः मातीत उतरते आणि शिबिर उठल्यावर बांध फुटला तर बुजवायला गावच असते, तेथे. गावाला न विचारता बाहेरच्यांनी घातलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो, ही गोष्ट ग्रामीण कार्यकर्त्याला सांगावी लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ती विसरली जाते.

अर्थशास्त्राच्या साध्या भाषेत सांगायचे तर हा घसाऱ्याचा प्रश्न आहे. कोणतेही भांडवली साधन घेताना त्याच्या झिजेची तरतूद करावी लागते. आज्ञावलीला गंज चढत नाही, म्हणून तिला घसारा नाही, असा एक भ्रम आहे. ती जशीच्या तशी राहते हे खरे. पण तिच्याभोवतीचे जग तसे राहत नाही. 2018 मध्ये गूगलने आपल्या नकाशासेवेचे दर व अटी बदलल्या आणि वापरणाऱ्याने देयकाचे खाते जोडणे आवश्यक झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांची अंमलबजावणी मार्च 2021 मध्ये सुरू झाली, तेव्हा नोंदणी न केलेल्या मजकुराचे लघुसंदेश अडले आणि बँकांचे परवलीचे संदेशही खोळंबले. बँकांकडे हा गुंता सोडवायला पगारी माणसे होती. दोन रात्रींत तयार झालेल्या ॲपमधून लसीकरणाची आठवण पाठवणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेने अशा वेळी कोणाचे दार ठोठवावे? ज्याने ते लिहिले तो तरुण तोवर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. सर्व्हरचे भाडे मात्र संस्थेच्या नावाने येत राहते. म्हणजे भांडवल दानात आले, पण त्याचा घसारा संस्थेच्या माथी आला; आणि त्याची कल्पना तिला कोणी दिली नव्हती.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. प्रश्न कोणी मांडायचा? समजा, घरकामगार स्त्रियांची एक संघटना आहे. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाची तरतूद झाली. सभासद स्त्रियांची नोंदणी, तिचे नूतनीकरण, थकलेल्या पगाराच्या तक्रारी हे सारे संघटनेच्या कार्यालयात वह्यांत लिहिले जाते. हॅकेथॉनमधला गट याचे मोबाइल ॲप करतो. प्रत्येक सभासदाने आपल्या फोनवरून तक्रार नोंदवायची, उत्तर तेथेच यायचे. परीक्षक प्रसन्न होतात. पण ज्या घरात फोन एकच आहे आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात आहे, त्या घरातील बाईने काय करावे? मालकिणीने दिलेला जुना फोन जी वापरते, तिने मालकिणीविरुद्धची तक्रार त्यावर लिहावी काय? हे प्रश्न बुद्धीच्या अभावी सुटले नाहीत असे नव्हे. ते विचारलेच गेले नाहीत. ते विचारायला मंगळवारी दुपारी, कामावरून सुटलेल्या बायका जेथे टेकतात तेथे बसावे लागते. शनिवारच्या वातानुकूलित सभागृहात संस्थेचा इंग्रजी जाणणारा प्रतिनिधी येतो. ती बाई येत नाही. तिचा तो कामाचा दिवस असतो.

त्यातच माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अत्याचारातून सुटून आलेल्या स्त्रीचा पत्ता, एचआयव्हीबाधिताचे नाव, स्थलांतरित मजुराचा आधार क्रमांक हे काही सरावासाठी वापरण्याचे आकडे नव्हेत. घाईत खरी यादी दहा अनोळखी लॅपटॉपांवर उतरली, तर ती परत घेता येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी ती टळत नाही. सुरक्षिततेची पुरेशी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे फुकट मिळालेल्या ॲपचा धोका कायद्यानेच संस्थेच्या पदरात घातला आहे.

मग संस्था असे दान का स्वीकारतात? कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा ठेवलेला नाही. संगणक सांभाळणारा माणूस पगार देऊन ठेवायचा, तर तो 'प्रशासकीय खर्च' ठरतो आणि देणगीदारांना या शब्दाचे वावडे आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली गेली. एका हाताने संस्थेचा कारकून आणि तंत्रज्ञ काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने दोन रात्रींचे स्वयंसेवक द्यायचे, असा हा व्यवहार आहे. कायमच्या नोकरीच्या जागी फुकटचे श्रम बसवण्याची ही युक्ती गिरणीत किंवा गोदीत झाली असती, तर कामगार चळवळीने तिला ताबडतोब ओळखले असते. येथे ती सेवेच्या वेषात येते, म्हणून तिचा सत्कार होतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अल्पावधीत उभ्या राहिलेल्या कामातून मोठे काही घडतच नाही, असे नाही. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला, तेव्हा त्या देशातील आणि त्या देशाशी नाते असलेल्या काही जणांनी जानेवारी 2008 मध्ये अल्पावधीत 'उशाहिदी' उभे केले. कोठे काय घडले याच्या साक्षी नागरिकांनी पाठवायच्या आणि त्या नकाशावर उमटायच्या. पुढे हे साधन अनेक देशांत वापरले गेले. परंतु त्याच्या यशाची कारणे दोन आहेत. प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. आणि काम सुरू झाल्यावर त्यांनी त्याची पूर्णवेळ संस्था केली. याउलट 2014 मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला काय कळले? असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्या ओपनएसएसएलवर उभी होती, तिला वर्षाकाठी जेमतेम 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. ज्यांचा कोट्यवधींचा व्यापार तिच्यावर चालत होता, त्यांना निगराणीचा खर्च आठवला तो संकट आल्यावर. अब्जावधींच्या कंपन्यांच्या पायाखालची ही स्थिती असेल, तर एखाद्या तालुक्यातील संस्थेची काय कथा?

तेव्हा मागणी काय असावी, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार विशिष्ट मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांच्या विनामोबदला सेवेचे पैशात मोल करून ते या खर्चात धरता येत नाही, असेही शासनाने स्पष्ट केले आहे. ही योग्य भूमिका आहे. तिच्या पुढचे पाऊल असे की, या रकमेतून संस्थांना किमान तीन वर्षे तंत्रज्ञाचा पगार मिळावा आणि तो 'वरखर्च' न समजता कार्याचाच भाग समजला जावा. दहा-बारा छोट्या संस्थांनी मिळून सहकारी तत्त्वावर एक तंत्रज्ञ नेमणेही अशक्य नाही. सहकाराच्या या भूमीत ही कल्पना परकी वाटू नये. हॅकेथॉन भरवायचेच असेल, तर आधी महिनाभर संस्थेत जाऊन बसावे, ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना मजुरी बुडणार नाही अशा वेळी बोलवावे, खरी माहिती बाहेर काढू नये आणि पुढच्या निगराणीची लेखी जबाबदारी घेतल्याशिवाय काहीही हवाली करू नये. अनेकदा असे आढळेल की, संस्थेला नवे ॲप नकोच आहे. तिच्या कार्यकर्तीला हिशेबाचा तक्ता नीट वापरायला शिकवणारा कोणी हवा आहे. त्या कामाला पारितोषिक मिळत नाही, हे खरे. पण ते काम सोमवारीही उपयोगी पडते.

आणि सर्वांत आधी, संस्थेला 'हे आम्हाला नको' असे म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. घेणाऱ्याला नकाराचा अधिकार नसेल, तर त्या देण्याला सेवा म्हणता येत नाही. ते उपकार होत; आणि उपकारांवर चालणारा समाज समतेचा असू शकत नाही.