फोटोखालचे नाव

आमच्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन दोन वर्षांपूर्वी झाले. शाल, श्रीफळ, चांदीचे तांब्या-भांडे हे सगळे होणारच होते. त्यापेक्षा वेगळे काही द्यावे असे आम्हा भाचरांच्या मनात आले आणि तिच्या आयुष्याचे एक फोटोबुक करायचे ठरले. घरातले जुने अल्बम माझ्याकडे, म्हणून काम माझ्याकडे आले. अट एकच होती. आत्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

जुने अल्बम घेऊन बसणे हा वेळेचे भान घालवणारा उद्योग आहे. काळी जाड पाने, मध्ये बटर पेपर, फोटोंच्या चारी टोकांना चिकटवलेले कागदी कोपरे. काही ठिकाणी नुसतेच चार कोपरे शिल्लक. फोटो कुणी आणि केव्हा काढून नेला कोण जाणे. तेव्हाच्या साध्या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बाराच फोटो बसत, त्यामुळे एकेक फोटो विचार करून काढलेला. पुढे छत्तीस फोटोंचा रोल आला आणि हात सैल झाला. आता तर फोनमध्ये एकट्या नातवाच्या बारशाचे चारशे फोटो असतात आणि ते परत कुणी उघडून बघत नाही. छापलेले पुस्तक टीपॉयवर पडलेले असले की येणारा-जाणारा सहज चाळतो. म्हणून मी फोटोबुकाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

तर बेचाळीस पानांचे, पुठ्ठाबांधणीचे देखणे पुस्तक तयार झाले. समारंभात सगळ्यांनी वाहवा केली, पुस्तकाबरोबर फोटो काढून घेतले. पाहुणे गेल्यावर आत्याने चष्मा लावला आणि निवांतपणे पहिल्या पानापासून सुरुवात केली. सातव्या पानावर ती थांबली. स्टुडिओत काढलेला फोटो. दोन वेण्या घातलेली मुलगी, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी. मागे पेन्सिलीने फक्त '१९५६' एवढेच लिहिलेले. खाली मी झोकात छापले होते : 'आत्या, लग्नाआधी'.

"अगं, ही मी नव्हे," आत्या म्हणाली. "ही आमची ताई."

आत्याला एक थोरली बहीण होती, एवढे मला ऐकून माहीत होते. ती लग्नानंतर वर्षभरात पहिल्या बाळंतपणात गेली. हा फोटो स्थळांना दाखवण्यासाठी काढलेला, आणि तिचा तेवढा एकच. मी तो आत्याच्या नावावर खपवला होता. ताईचे नाव काय, हे मी विचारले तेव्हा आत्या क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "कुठलं सांगू? सासरी बदललं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक छपाईची नव्हती. गुपचूपपणाची होती. ज्या एकमेव माणसाला त्या फोटोंतले चेहरे ओळखता येत होते, तिलाच आम्ही चार महिने काही विचारले नव्हते. का, तर तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता! तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की वडीलधाऱ्यांसाठी फोटोबुक करायचे असेल तर ते त्यांना सांगून, त्यांच्या शेजारी बसून करावे. धक्काच द्यायचा असेल तर साडी आणावी.

नावे हरवण्याची ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे फोटोकला आपल्याकडे तशी लवकरच आली. त्या काळातले विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या लोकांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले. दागदागिने, पगड्या, लुगडी नेसण्याच्या तऱ्हा सगळे त्यात टिपलेले आहे. पण चित्राखाली आहे ते जातीचे, जमातीचे नाव. पुढे बसलेली बाई कोण, तिला घरात काय म्हणत, याची उठाठेव कुणी केली नाही. परका माणूस होता, त्याला नमुने गोळा करायचे होते, असे आपण म्हणू. पण आमच्या घरच्या अल्बममध्ये तरी दुसरे काय आहे? 'काका, सौ. काकू व मुले.' 'मोठ्या वहिनी.' पुरुषांची नावे, हुद्दे, बदलीची गावे सुवाच्य अक्षरात, आणि बायका नात्याने ओळखायच्या. त्यात तांदळात अंगठीने नाव लिहून सासरी नवे नाव ठेवायची रीत. माहेरच्या अल्बममध्ये एक नाव, सासरच्या अल्बममध्ये दुसरे. दोन्ही फोटोंतली बाई एकच, हे सांगणारे माणूस गेले की एकीच्या दोघी होतात. आमच्याकडे तर दोघींची एक झाली.

हल्लीचे फोटोबुक करणे सोपे आहे. फोनमधले फोटो दिले की यंत्रच निवड करते, पाने जुळवते, चार दिवसांत पुस्तक दारात. लग्नात मिळणारा तो विटेएवढा जड 'करिझ्मा' अल्बमही आपण पाहिलेला असतो. सगळे गुळगुळीत आणि मुके. तारीख यंत्राला कळते. पण मागच्या रांगेतला टोपीवाला मुलगा कोण आणि तो रुसलेला का आहे, हे यंत्राला कुठून कळणार?

आम्ही पुस्तक पुन्हा करायला घेतले. दुपारचा चहा झाला की आत्या आणि मी बसायचो. ती बोलायची, माझ्या फोनमध्ये आवाज साठत जायचा. एका फोटोवर तास गेलेला मला आठवतो; फोटो होता विहिरीवरचा, बोलणे झाले रेशनच्या रांगांचे. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमने मात्र छळले. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. ओढू नये, फाटतो. पानासकट स्कॅन करावा हे उत्तम. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आणि नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले तर ते आक्रसून आलेले असतात, छापल्यावर धूसर दिसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, हे मला प्रत्येकाला दोन-दोनदा सांगावे लागले.

नव्या पुस्तकात पाने कमी झाली. फोटोही निम्मे. प्रत्येक बाईचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे घातली. तीन फोटो कुणाचे ते आत्यालाही आठवेना. त्यांच्याखाली जागा कोरी ठेवली. न जाणो, एखाद्या घरात कुणी ओळखील. ताईला स्वतंत्र पान दिले. तिची नावे मी इथे लिहीत नाही, आत्याला ते आवडणार नाही.

सहा प्रती काढल्या, भावंडांच्या घरी एकेक गेली. आत्यालाही एक दिली. तिने ती कौतुकाने पाहिली आणि कपाटात ठेवली. रोज उशाशी असते ती पहिलीच, चुकीची प्रत. तिच्या सातव्या पानावर 'आत्या' या शब्दावर शाईच्या पेनाने काट मारलेली आहे आणि शेजारी, थरथरत्या अक्षरात, बहिणीचे माहेरचे नाव आहे.