गाडीलाही कातडी असते!

‘रोज पुसली की गाडी नव्यासारखी राहते’ यावर माझा इतका विश्वास होता, की गेली आठ वर्षं सकाळचा चहा झाला की मी फडकं घेऊन अंगणात उभी! फडकं म्हणजे जुन्या सुती साडीचा तुकडा, तोही कोरडा. आपल्या चांदूर रेल्वेची धूळ काही नव्यानं सांगायला नको. वाटायचं, आपण किती निगा राखतो!

एका संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बोनेटकडे लक्ष गेलं अन् धस्स झालं. गडद निळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल गोल रेघा. नीट पाहिलं तर माझा हात जसा फिरायचा, तशाच! म्हणजे धुळीचे कण फडक्याखाली धरून मी रोज रंगच खरवडत होते.

एका रंगवणाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “पूर्ण बोनेट रंगवा लागते.” का, किती खर्च, विचारलं तर म्हणे, “साहेबाले पाठवा ना वहिनी, त्याईले सांगतो.” बस्स! गाडी पुसायला मी आणि समजून घ्यायला साहेब? तेव्हाच ठरवलं, आधी आपण माहिती करून घ्यायची.

आणि कळलं ते असं. पूर्वीच्या अनेक गाड्यांना एकाच प्रकारचा रंग असे, घासला की फडक्याला रंग लागायचा. आताच्या गाड्यांत पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या थराची, आणि ऊन-पाण्यापासून रंगाला वाचवतो तोही हाच. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी! आपण घासतो ते एवढ्याशा कातडीवर.

‘पेंट करेक्शन’ म्हणजे नवा रंग देणं नव्हे. गाडी स्वच्छ धुऊन, चिकटलेली घाण विशिष्ट मातीच्या गोळ्यानं काढून, क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा यंत्रानं सारखा करायचा, म्हणजे रेघांच्या कडा नाहीशा होतात. पण थर कमी होतो, तो परत येत नाही. कल्हई उडाली तर पुन्हा करता येते, इथे तशी सोय नाही. म्हणून हे काम मोजून करणाऱ्याचंच. आमच्या ओळखीतल्या एका गाडीला घाईघाईनं मशीन मारलं, तर दाराच्या कडेला खालचा प्रायमर उघडा पडला.

आम्ही अमरावतीला एका मुलाकडे गेलो. त्यानं आधी छोट्या यंत्रानं ठिकठिकाणी थर मोजला, मग बोनेटवर पट्टी चिकटवून वीतभर जागेवर करून दाखवलं. पट्टीच्या या बाजूला जाळं, त्या बाजूला काच! एक खोल ओरखडा मात्र त्यानं सोडून दिला. “ताई, यात नख अडकते. हा काढायला गेलो तं थरच जाईन.” ‘नाही’ म्हणणाऱ्या कारागिरावर माझा विश्वास तिथंच बसला.

कोणी म्हणेल, एवढे नखरे कायले? पण हा दिखाव्याचा प्रश्न नाही. कारखान्यातला रंग सुट्या पत्र्याच्या सांगाड्यावर मोठ्या भट्टीत भाजलेला असतो, तसा गल्लीत होत नाही. शिवाय जुनी गाडी विकताना घेणारा तेच मोजयंत्र लावतो. थर जाड आढळला, की ‘अपघात झाला होता का?’ हा प्रश्न आणि भाव खाली! विनाकारण रंगवलेलं बोनेट असं आपल्याच पैशानं आपलं नुकसान करतं.

पण दरवर्षी घासून घेणंही चूकच. आयुष्यात मोजक्या वेळाच करायचं हे काम आहे. म्हणून जाताना विचारा: थर मोजणार का? आधी छोटी जागा करून दाखवणार का? काही ठिकाणी तेलकट पॉलिश भरून रेघा नुसत्या झाकतात, चार-सहा धुण्यांत त्या परत दिसतात. ‘स्पिरिटनं पुसून दाखवा’ म्हटलं, की खरं-खोटं कळतं. आणि रेघा न काढताच कोटिंग करून घेऊ नका, ते म्हणजे डाग न धुता साडीला इस्त्री करणं!

घरी मात्र एवढं पाळा. कोरडं फडकं बंद. आधी भरपूर पाणी टाकून धूळ वाहू द्या. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. मऊ मायक्रोफायबरचं कापड वापरा, खाली पडलं तर धुतल्याशिवाय लावू नका. पाखरांची विष्ठा लगेच भिजवून काढा. बोअरचं पाणी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात.

आताही मी सकाळी अंगणात जाते. गाडीवर धूळ दिसते, हात शिवशिवतो. पण मी मुकाट्यानं बादली भरायला घेते.