पिवळा रंग का फासावा लागतो?

गेमचे ग्राफिक्स किती खरे वाटतात, यावर आपण गेमची किंमत ठरवतो. चिलखतावरचा ओरखडा दिसला की वा! माझं मत जरा वेगळं आहे. रोल-प्लेइंग गेममधला शत्रू किंवा डंजन (म्हणजे भुयार, पडका किल्ला, तळघर, काहीही) सुंदर आहे का, हे नंतर पाहू. आधी तो खेळाडूला काही सांगतो का?

जे गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी एक जुनं उदाहरण. १९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. अख्खा गेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो. त्यातले राक्षस अकिरा तोरियामा यांनी रेखाटले. सगळ्यांत दुबळा शत्रू म्हणजे स्लाइम : निळा थेंब, गोल डोळे, हसरं तोंड. त्याला बघून कुणी घाबरत नाही, आणि घाबरायचं नसतंच. तोच थेंब पुढे लाल रंगात येतो, तो थोडा दणकट. मग धातूचा येतो. त्याला मारणं महाकठीण, संधी मिळताच तो पळतो, पण सापडला तर अनुभवाचे गुण भरपूर. एकच आकार पुन्हा रंगवणं ही काटकसर होती खरी, पण तिच्यातून खेळाडूला एक भाषा मिळाली : आकार ओळखीचा, रंग नवा, तर जपून.

‘डार्क सोल्स’ (२०११) हा छळणारा गेम म्हणून प्रसिद्ध. त्यातल्या सेन्स फोर्ट्रेस या किल्ल्यात शिरताच एक फरशी किंचित वर आलेली असते. तिच्यावर पाय पडला की समोरून बाण! पुढे खजिन्याची पेटी दिसते, उघडायला जावं तर तीच आपल्याला गिळते. हा मिमिक. अन्याय वाटतो ना? पण नीट बघा. साध्या पेटीची साखळी मागे वळलेली असते, मिमिकची सरळ पुढे आलेली. खूण आधीपासून डोळ्यांसमोरच होती. मेलात, पण फसवलं असं म्हणता येणार नाही.

आता २०२४चा ‘फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ’ घ्या. देखणा गेम, पण कुठल्या कड्यावर चढता येतं हे दाखवायला दगडांना पिवळा रंग फासलेला. त्यावरून खेळाडूंमध्ये बराच वाद झाला. मला त्यात आळस दिसत नाही, अतिरेकाचा परिणाम दिसतो. प्रत्येक दगड इतका तपशीलवार केला, की चढायचा कोणता आणि शोभेचा कोणता हेच कळेना. मग रंगाचा डबा आणणं आलंच.

काहीजण म्हणतील, सगळ्यांकडे साखळ्या न्याहाळायला वेळ नसतो, काहींची नजर अधू असते. अगदी मान्य. त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये ठळक खुणांचा पर्याय हवाच, आणि तो देताना कमीपणा वाटायचं कारण नाही. पण सरसकट सगळ्यांसाठी रंग फासणं म्हणजे लेखकाने समासात ‘इथे रडावे’ असं लिहून ठेवण्यासारखं आहे. प्रसंग नीट उभा केला असेल तर वाचक आपणहून रडतो. आणि उभाच केला नसेल, तर त्या सूचनेने कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार?