जीएसटी घटला, जुना ट्रॅक्टर दुरुस्त करावा की बदलावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब तसेच क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, रेडिएटर अशा ठरावीक सुट्या भागांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुना ट्रॅक्टर ठेवावा की नवा घ्यावा, याचा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

करापूर्वी ६ लाख रुपये किंमत असलेल्या नव्या ट्रॅक्टरवर ४२ हजार रुपये वाचतात. पण उरलेले ६ लाख ३० हजार उभे करावेच लागतात. करापूर्वी २० हजारांचे टायर पूर्वी २३,६०० रुपयांना पडत, आता २१ हजारांना पडतील. हेदवीसारख्या गावात खलाटीचे तुकडे लहान असतात आणि ट्रॅक्टर वर्षात मोजकेच तास चालतो. तिथे इंजिन व गिअरबॉक्स धड असतील, तर दुरुस्तीच परवडते.

मात्र इंजिन ऑइलवर कर १८ टक्केच आहे. जुन्या ट्रॅक्टरचे आयुष्य मुख्यतः याच नियमित खर्चावर ठरते. म्हणून सुटे भाग घेण्याआधी चैत्रातच तपासणी उरकावी.

किनारपट्टीवर काय पाहावे?

- बॅटरी व वायरिंग : खाऱ्या वाऱ्याने टर्मिनल आणि अर्थिंगचे जोड गंजतात. ते गरम पाण्याने साफ करून, कोरडे करून पेट्रोलियम जेली लावावी.
- डिझेल टाकी : अर्धी रिकामी टाकी उभी राहिली, की आत बाष्प साचून पाणी होते. टाकी भरून ठेवावी. फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी काढावे.
- गिअर ऑइल : दुधाळ दिसल्यास चिखलणीत पाणी शिरले असे समजावे. सील बदलून मगच नवे ऑइल भरावे.
- एअर क्लीनर : ऑइल बाथ प्रकारात जांभ्याची लाल धूळ साचून ऑइल घट्ट होते. भांडे धुऊन खुणेपर्यंतच ऑइल भरावे.
- धूर : गरम इंजिनातून सतत निळा धूर येत असल्यास ऑइल जळते आहे. इंजिनकामाचा अंदाज घेतल्याशिवाय टायरवर खर्च करू नये.

निर्णय कसा घ्यावा?

इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही काढले असतील, तरच नव्या ट्रॅक्टरचा विचार करावा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांनी संपली, तरी तो भंगारात काढणे सक्तीचे नाही. नोंदणीचे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. सुटे भाग घेताना पक्के बिल मागावे व कराचा दर पाहावा. पाऊस लागल्यावर चिपळूणहून भाग येईपर्यंत चिखलणी थांबते आणि तरवा वयात येऊन जातो. ते नुकसान कोणत्याही करसवलतीने भरून निघत नाही.