शाहू जन्मस्थळ : आत काय मांडावे?

शिवाजी पेठेतील मुलांना शाहू महाराजांचे नाव सांगावे लागत नाही. त्यांचे जन्मघर मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, कसबा बावड्यात आहे. तेथील लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली दत्तकविधान होऊन ते शाहू छत्रपती झाले. या संरक्षित वास्तूत त्यांच्या जीवनकार्याचे संग्रहालय उभारण्याचे काम अनेक वर्षे रेंगाळले.

भिंतींची डागडुजी तुलनेने सोपी. खरा प्रश्न आहे तो आत काय मांडावयाचे याचा. राजवैभव पाहावयाचे तर नवा राजवाडा आहेच : हत्यारे, पोशाख, पेंढा भरलेले वाघ. जन्मस्थळाने त्याची नक्कल करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. येथे अग्रस्थान मिळावे ते २६ जुलै १९०२ च्या आदेशाला. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा त्याने मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्याच्या शेजारी १९१७ सालचे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण असावे, आणि वसतिगृहेही. १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह ही नावे परिचित आहेत; त्याच मालिकेत इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

जयंतीला येथे पुष्पहार अर्पण होतात. उरलेल्या दिवसांसाठी आमची सूचना साधी आहे. पेठेतील शाळांनी एखाद्या वर्षी पन्हाळ्याऐवजी बावड्याची सहल काढावी. खर्चही कमीच येईल.