विजेवरची गाडी : कोणी घ्यावी, कोणी थांबावे?



पीक निघून चार पैसे हातात आले की घरात खरेदीचा विषय निघतो. पूर्वी बैलजोडीचा, इंजिनाचा, फार तर मोटारसायकलचा निघे. हल्ली मुले विजेवरच्या मोटारगाडीचे नाव काढतात. गावोगाव फिरताना कीड-रोगाचे बोलणे संपले की हमखास प्रश्न येतो, "साहेब, घ्यावी का?" मी गाड्यांचा जाणकार नव्हे. पण घरचा जमाखर्च मांडता येतो, तोच आज मांडू.

विजेवरची लहान मोटार एका युनिटवर सहा किलोमीटर जाते असे धरा. वापर वाढला की वीजबिलाचा वरचा टप्पा लागतो, म्हणून युनिटला १२ रुपये धरू. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि गाडीची धाव लिटरला १६ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला सव्वासहा रुपये. वाचले ढोबळमानाने चार रुपये. आता विजेची गाडी तीन लाखांनी महाग पडत असेल, तर तेवढे पैसे फिटायला ७५ हजार किलोमीटर गाडी पळाली पाहिजे. कर्जाचे व्याज वेगळे.

ज्या घरात दूध संकलन, मुलांचे कॉलेज आणि तालुक्याचे दुकान मिळून महिन्याला अडीच हजार किलोमीटर होतात, तिथे हे पैसे अडीच वर्षांत फिटतील. जिथे बाजार, दवाखाना आणि लग्नकार्य मिळून महिन्याला पाचशेच किलोमीटर होतात, तिथे साडेबारा वर्षे लागतील. गाडी तीच, भाव तोच. पण एका घराला ती दुभती म्हैस, दुसऱ्याला भाकड.

शिवाय हा तीन लाखांचा फरक एका जागी राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाडीवरचा वस्तू व सेवा कर, उपकर धरून २९ टक्क्यांचा १८ टक्के झाला. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के होता, तो तेवढाच राहिला. म्हणजे एका रात्रीत पेट्रोलची गाडी स्वस्त झाली आणि आपला हिशेब बदलला.

बाहेरच्या व्यापाराचेही तसेच. ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी तुम्ही विसरला नसाल. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. विजेच्या बहुतेक गाड्यांच्या मोटारीत हेच चुंबक असतात. आपल्याकडच्या कारखान्यांची त्या वर्षी चांगलीच धावपळ झाली. दिल्लीतला एक कागद आपल्या कांद्याचा भाव पाडतो, तसा बीजिंगचा एक कागद गाडीचा पुरवठा अडवतो. उलट बॅटरी स्वस्त होत गेली आहे. एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीचा जगातला सरासरी भाव २०२३ मध्ये १३९ डॉलर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. त्यामुळे नवे मॉडेल जास्त पल्ल्याचे निघते आणि कालच्या गाडीची बाजारातली किंमत उतरते.

मग थांबावे का? पुढच्या वर्षी नवा वाण येणार म्हणून यंदाची पेरणी आपण थांबवत नाही, हे खरे. पण पेरणीला वाफसा असतो, गाडीला नसतो. घरची गाडी चालती असेल आणि रोजची धाव थोडी असेल, तर वर्षभर थांबल्याने काही बुडत नाही. ज्यांची धाव मोठी आहे आणि गाडी रोज मुक्कामाला घरी येते, त्यांनी मात्र उद्याच्या बॅटरीची वाट बघत आज पेट्रोल जाळू नये.

घ्यायचे ठरले तर बैल पारखतो तशी पारख करावी.

१) घरची जोडणी : पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी सुमारे तीन किलोवॅट वीज ओढते. म्हणजे चार अश्वशक्तीची मोटार रात्रभर चालवण्यासारखे. तीस युनिटची बॅटरी भरायला दहा तास लागतात. मंजूर भार, वायरिंग आणि अर्थिंग आधी तपासून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

२) बॅटरी : कोणत्या जातीची आहे ते विचारा. लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी, वजनाला जड; पण उन्हाला जास्त टिकते आणि जास्त वेळा भरता येते. आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी आपल्याकडे रूढ आहे. काही कंपन्या आजीवन हमी देतात, ती पहिल्या मालकापुरती आहे का ते कागदावर वाचा.

३) पल्ला : जाहिरातीत ३०० किलोमीटर लिहिले असतील तर आपण २०० धरावेत. चालवून बघायची ती शहराच्या डांबरी रस्त्यावर नव्हे. घरची सगळी माणसे बसवून आपल्या वस्तीच्या रस्त्याने न्यावी.

४) बॅटरीचे भाडे : सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर गाडी ९ लाख ९९ हजारांना आणली, पण बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळे. विजेचे दोन मिळवा, साडेपाच झाले. चारांतले साडेतीन तिथेच गेले. अशी गाडी घेताना सुरुवातीची स्वस्ताई आणि रोजचे भाडे एकाच पानावर लिहून बघा.

५) दुरुस्ती : ती किती अंतरावर होते, हे सर्वांत आधी विचारा. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सवलत महिनाअखेर संपणार, या बोलीला भुलून मी घाईने विजेची स्कूटर घेतली. वर्षभरात तालुक्याचे दुकान बंद झाले. एक सुटा भाग मिळेना, म्हणून ती सहा महिने गोठ्यात उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. घरची मंडळी अजून हसतात. स्कूटर होती म्हणून हसण्यावारी गेले. मोटारीचे कर्ज असते तर हप्ता थांबला नसता.

सवलतीच्या नुसत्या तोंडी बोलावर इसार देऊ नका. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारगाडीला अनुदान नाही. राज्याची कोणती सवलत, किती आणि कधी मिळणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आणि गाडीसाठी पुढच्या हंगामाच्या बियाणे-खतांच्या पैशाला हात लावू नका. भाव एका वर्षीच चांगला मिळतो, हप्ते मात्र सात वर्षे चालतात.

आज एवढेच करा. एक वही गाडीत ठेवा आणि महिनाभर रोजचे किलोमीटर लिहा. महिनाअखेरीस घरातल्या सर्वांनी, विशेषतः घरधनिणीने, वर दिलेला हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडावा. घ्यावी की थांबावे, हे ती वहीच सांगेल.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)