फी माफ झाली, पण दोन वर्षांचा पगार कोण देणार?

दापोडीतल्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर मुलांशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायचे काम माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात सगळे गेल्यावर वस्तीतली एक मुलगी थांबली. ती बी.पी.टी. करून फिजिओथेरपिस्ट झाली आणि आता एका खासगी रुग्णालयात कंत्राटावर आहे. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. तिने मास्टर्सची सीईटी दिली होती, कॅप राउंडला जागाही लागली होती, आणि ती तिने सोडून दिली. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "दादा, फी माफ होईल हो. पण दोन वर्षं माझा पगार आला नाही तर भावाचं कॉलेज बंद पडेल."

आपल्या समाजात शिक्षणाची चर्चा फी, शिष्यवृत्ती आणि राखीव जागा एवढ्यावर येऊन थांबते. या मुलीला तिन्ही मिळत होते, तरी ती शिकू शकली नाही. हा लेख त्यासाठी आहे.

आधी हिशोब करू. तिच्या हातात महिन्याला १८,००० रुपये येतात. दोन वर्षांचे झाले ४,३२,००० रुपये. आता सरकार काय देते ते पाहा. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे अनुसूचित जातीच्या, व्यावसायिक पदवी-पदव्युत्तर गटातल्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला ७,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ५८३ रुपये. त्यासाठीही कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. वडिलांचे निवृत्तिवेतन आणि हिची कमाई एकत्र धरली की मर्यादा ओलांडली जाते. मग उरते ती फ्रीशिप. फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते, पण घरात पीठ येत नाही.

याच शहरात एम.डी., एम.एस. करणाऱ्या निवासी डॉक्टरला शिकत असताना विद्यावेतन मिळते. ते मिळालेच पाहिजे, तो राबतो. पण एम.पी.टी. करणारी मुलगीही सकाळपासून ओपीडीत पेशंटच पाहते ना? तिच्या घामाला शिक्षण म्हणायचे आणि डॉक्टरच्या घामाला काम म्हणायचे, हा भेद कुठून आला? जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलन' मध्ये दाखवून दिले होते. रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहून पाहा. वर डॉक्टर, खाली नर्स, तिच्या खाली थेरपिस्ट आणि तंत्रज्ञ, मग वॉर्डबॉय, आणि सगळ्यात खाली सफाई कामगार. खाली उतरत जाल तशी आपली आडनावे वाढत जातात. हीच ती श्रेणीबद्ध विषमता, फक्त पांढऱ्या कोटातली.

हा प्रश्न आजच का? कारण पायऱ्या आत्ता बांधल्या जात आहेत. २०२१ मध्ये संसदेने 'नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स' कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट, रेडिओग्राफर, डायलिसिस टेक्निशियन, ऑप्टोमेट्रिस्ट अशा पन्नासहून अधिक व्यवसायांना पहिल्यांदा एका राष्ट्रीय कायद्याखाली आणले. अंमलबजावणी इतकी रखडली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. आता अभ्यासक्रम नव्याने ठरत आहेत. कोण साधा तंत्रज्ञ राहणार आणि कोण स्वतः तपासून निर्णय घेणारा वरिष्ठ क्लिनिशियन होणार, हे पदव्युत्तर पदवीवर ठरणार आहे.

इंग्लंडमध्ये हे होऊन गेले आहे. तिथे 'अॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिस' साठी २०१७ मध्ये आराखडा आला. प्रत्यक्ष रुग्णसेवा, नेतृत्व, अध्यापन आणि संशोधन असे त्याचे चार खांब, आणि पातळी मास्टर्सची. जास्तीचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टला तिथे २०१३ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचाही अधिकार आहे. महत्त्वाचे म्हणजे नोकरीत राहून, पगार घेत हे शिकण्याची वाट तिथे काढली गेली. आपल्याकडेही हे अशक्य नाही. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम रेसिडेन्सी पद्धतीनेच आखला आहे, म्हणजे वॉर्डात काम करत शिकायचे.

आमच्या पट्ट्याला अशा माणसांची गरज किती आहे ते मी रोज पाहतो. भोसरी आणि चाकणच्या शॉपमध्ये प्रेस मशीनखाली बोटे गेलेला कामगार टाके काढून घरी येतो, आणि त्याचे उपचार तिथेच संपतात. उरलेल्या हाताने पुन्हा पाना कसा धरायचा हे शिकवणारा हँड थेरपीतला तज्ज्ञ त्याच्या आवाक्यातल्या दवाखान्यात नसतो. पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्याला वर्षभर थेरपी लागते, आणि दापोडीच्या गल्लीतला रिक्षावाला मुलगा आठवड्याभराच्या पैशात ती आटोपतो. वस्तीतून शिकून आलेली, वस्तीची भाषा जाणणारी तज्ज्ञ थेरपिस्ट उभी राहिली तर त्याचा फायदा अख्ख्या कामगारवर्गाला आहे.

आता विरोधकांचे ऐकू. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात, थेरपिस्टना जास्त अधिकार दिले तर रुग्ण धोक्यात येतील. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावामागे 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. त्यावर दोन्ही बाजूंनी किती शाई सांडली! रुग्णसुरक्षेची काळजी खरी असेल तर उत्तर जास्त शिक्षण हेच आहे. अर्धवट शिकलेल्या माणसाकडून पूर्ण काम करून घेणे हा धोका आहे, आणि कमी पगाराच्या कंत्राटावर तेच चालले आहे. आणि आमच्या थेरपिस्ट बांधवांनाही विचारतो, नावामागच्या दोन अक्षरांसाठी जेवढे भांडलात, तेवढे विद्यावेतनासाठी आणि मंजूर पदांसाठी का भांडला नाहीत?

दुसरे म्हणणे 'मेरिट'चे. जिने नाइट ड्युटी करून सीईटीत जागा मिळवली, तिच्या मेरिटवर कोण बोलणार? आणि खासगी अभिमत विद्यापीठांत पैसे मोजून प्रवेश घेतला जातो तेव्हा हे मेरिटवाले कुठे जातात? २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही राखीव जागांचा मार्ग मोकळा केला. पण २००६ चा केंद्रीय कायदा केंद्राच्या आणि केंद्राच्या अनुदानावरच्या संस्थांपुरताच राहिला. विनाअनुदानित अभिमत विद्यापीठे त्याच्या बाहेरच आहेत.

बाबासाहेबांचे शिक्षण आठवा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना नुसती फी दिली नाही. दरमहा साडेअकरा पौंड दिले, त्यावर ते न्यूयॉर्कमध्ये राहू शकले. बदल्यात बडोदा संस्थानात नोकरीचा करार होता. म्हणजे शिकताना जगण्याचा खर्च आणि शिकल्यावर पद, दोन्ही. १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले तेव्हा पद मिळाले, पण राहायला जागा मिळाली नाही आणि शिपायांनी फायली लांबून टाकल्या. यातून दोन धडे मिळतात. पोटाची सोय नसेल तर उच्च शिक्षण होत नाही. आणि पदाला मान मिळवून देणारी संघटना मागे नसेल तर पदवी एकटी पडते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात डॉक्टरांसाठी पदव्युत्तर संस्था उभी राहिली, ती महापालिकेच्या म्हणजे आपल्या करातून. तिथेच थेरपिस्ट आणि तंत्रज्ञांसाठी पदव्युत्तर जागा निर्माण करा, आरक्षणासह आणि विद्यावेतनासह. महापालिका, राज्य आणि कामगार विमा रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना पगारी अभ्यास रजा द्या. बार्टीने क्लिनिकल मास्टर्ससाठी जगता येईल एवढी फेलोशिप द्यावी. आणि शिकून आल्यावर वरिष्ठ क्लिनिशियनची मंजूर, कायम पदे हवीत, कारण कंत्राटात ना आरक्षण असते ना बढती. २०२३ मध्ये खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय तरुणांच्या रेट्यामुळे सरकारला रद्द करावा लागला होता. रेटा दिला तर सरकार हलते.

थोडे आपल्यालाही. जयंतीच्या डीजेवर आणि कमानीवर आपल्या मंडळांचे किती जातात ते सगळ्यांना माहीत आहे. एका परिसरातल्या दहा मंडळांनी ठरवले तर एका मुलीचा दोन वर्षांचा पगार उभा राहतो. ही सरकारला दिलेली सूट नाही. सरकारशी भांडण चालू असेपर्यंत आपली मुलगी थांबू नये, एवढ्यासाठीच.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देणार आहे. जागा तिला मिळेल, त्याची मला खात्री आहे. ती जागा पुन्हा सोडावी लागणार का, हे आपल्यावर आहे.

जय भीम!